साल्मोनेलाचा ‘नवा’ स्ट्रेन: नमुन्यापासून नावापर्यंतचे टप्पे आणि नेहमीच्या चुका

साल्मोनेला म्हणजे जुलाब आणि विषमज्वर देणारे जंतू. त्यांचा प्रकार अँटिसेरा (ठराविक अँटिजेनला चिकटून गुठळ्या करणारी प्रतिद्रव्ये) लावून आणि सूत्रांच्या तक्त्याशी ताडून ठरतो. कोणत्याच अँटिसेराला दाद न देणारी किंवा तक्त्यातल्या एकाही ओळीत न बसणारी साल्मोनेला हाती आली की ‘नवा स्ट्रेन’ म्हणण्याची घाई होते. अशा कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंची) पहिल्यापासून नीट तपासणी केली तर बहुतेक वेळा चारपैकी एक कारण निघते. कल्चर मिसळलेले असते, ते रफ (सलाइनमध्येही आपोआप गुठळ्या धरणारे) झालेले असते, जंतूच्या पृष्ठभागावरचा ओ अँटिजेन व्हीआय अँटिजेनच्या आवरणाखाली झाकलेला असतो, किंवा जंतूच्या शेपटीवरच्या एच अँटिजेनची दुसरी फेज (दुसरे रूप) कोणी शोधलेलीच नसते. चारही चुका क्रम मोडल्यामुळे होतात. म्हणून खाली टप्पे ज्या क्रमाने करायचे त्याच क्रमाने दिले आहेत. मागचा टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नये; अपवाद जिथे आहेत तिथे सांगितले आहेत.

हा लेख जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि अन्नतपासणीच्या प्रयोगशाळांत रोज प्लेटा वाचणाऱ्यांसाठी आहे.

## आधी ठरवा: ‘नवे’ नेमके कोणत्या पातळीवर?

साल्मोनेलाच्या प्रजाती दोनच: एंटेरिका आणि बोंगोरी. एंटेरिकाच्या उपप्रजाती सहा: १, २, ३अ, ३ब, ४ आणि ६. माणसांत सापडणाऱ्या बहुतेक साल्मोनेला उपप्रजाती १ मधल्या असतात. उपप्रजातीखाली सिरोव्हार, म्हणजे ओ आणि एच अँटिजेनवरून ठरणारे प्रकार, येतात. त्यांची सूत्रे देणाऱ्या व्हाइट-कॉफमन-ल मिनोर तक्त्याच्या २००७ च्या नवव्या आवृत्तीत ते अडीच हजारांहून जास्त आहेत. सिरोव्हारच्या आत सिक्वेन्स टाइप (ठराविक जनुकांच्या क्रमावरून ठरणारा), त्याच्या आत वंशावळीच्या फांद्या, आणि शेवटी प्रत्यक्ष एका साथीतला स्ट्रेन.

यातली एक पातळी नवी म्हणजे बाकीच्याही नव्या असे होत नाही. जुन्याच टायफीमुरियम या सिरोव्हारमध्ये नवा सिक्वेन्स टाइप सापडू शकतो. नेहमीच्या सिक्वेन्स टाइपमध्ये औषधांना दाद न देणारा नवा स्ट्रेन तयार होऊ शकतो. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेला एक्सडीआर (बहुतेक औषधांना दाद न देणारा) टायफी, म्हणजे विषमज्वराचा जंतू, असाच आहे: सिरोव्हार जुना, एच५८ ही फांदीही ओळखीची, पण सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन निकामी करणारे जनुक नव्याने आलेले. अहवालात ‘नवा’ लिहिण्याआधी कोणत्या पातळीवर नवा, ते लिहा.

## पूर्वतयारी: नमुना येण्याआधी हाताशी काय असावे

एक्सएलडी आणि मॅकॉन्की या निवडक (इतर जंतू दाबणाऱ्या) माध्यमांच्या प्लेटा, साल्मोनेला वाढवणारा सेलेनाइट एफ ब्रॉथ, न्यूट्रिअंट अगार, टीएसआय (साखरा आंबवणे, वायू आणि काळा रंग दाखवणारे) आणि एलआयएचे (लायसिनची चाचणी) स्लँट, म्हणजे तिरपे गोठवलेल्या माध्यमाच्या नळ्या, युरिया, सिट्रेट, पेप्टोन वॉटर, सेमीसॉलिड अगार, ०.८५ टक्के निर्जंतुक सलाइन, पॉलिव्हॅलंट (अनेक गटांना एकत्र लागणारे) आणि सुटे ओ अँटिसेरा, व्हीआय, पॉलि-एच आणि सुटे एच अँटिसेरा. सोबत कंट्रोल म्हणून एटीसीसी संग्रहातले ओळखीचे स्ट्रेन: साल्मोनेला टायफीमुरियम एटीसीसी १४०२८ आणि ई. कोलाय एटीसीसी २५९२२.

माध्यमे बनवताना सर्वांत जास्त बिघाड होतो तो उष्णतेने. एक्सएलडी आणि सेलेनाइट ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. एक्सएलडी उकळी येईपर्यंत ढवळत तापवा, लगेच ५० अंश सेल्सिअसपर्यंत निववा आणि ओता. जास्त तापले तर गाळ बसतो आणि काळे केंद्र नीट उमटत नाही. सेलेनाइटला वाफेवर साधारण १० मिनिटे पुरतात. तळाशी विटकरी-लाल गाळ दिसला की ती बॅच टाकून द्या. सेलेनाइटची पूड विषारी आहे, म्हणून वजन करताना हातमोजे आणि मास्क हवाच. गरोदर सहकाऱ्यांकडे हे काम देऊ नका.

अँटिसेरा २ ते ८ अंशांवर ठेवा, गोठवू नका. गढूळ झालेली बाटली वापरू नका.

तपासा: प्रत्येक नव्या बॅचच्या एक्सएलडीवर एटीसीसी १४०२८ ची लाल, काळ्या केंद्राची कॉलनी आली का? ई. कोलाय पिवळी आली किंवा दबली का? दोन्ही उत्तरे ‘हो’ असतील तरच ती बॅच रुग्णाच्या नमुन्याला लावा.

प्रयोगशाळेच्या जैवसुरक्षिततेची पातळी २ हे किमान. टायफीचा संशय असेल तर फवारे उडू शकणारे प्रत्येक काम सुरक्षा कॅबिनेटमध्ये करा. प्लेटचा वास घेऊन ओळखायची जुनी सवय पूर्ण बंद व्हायला हवी. विषमज्वर प्रयोगशाळेतूनही लागतो.

## टप्पा १: नमुना

१. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी नमुना घ्या. जुलाबाच्या पहिल्या काही दिवसांत जंतू जास्त असतात.

२. कोरड्या, रुंद तोंडाच्या डबीत ताजी विष्ठा घ्या. रक्त किंवा शेंब दिसत असेल तर तोच भाग उचला. लघवी मिसळू देऊ नका. जंतुनाशकाने धुतलेली डबी नको.

३. दोन तासांत प्लेटवर जाणार नसेल तर कॅरी-ब्लेअर या वाहतुकीच्या माध्यमात घाला, थंड ठेवा आणि ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. स्वॅब माध्यमात पूर्ण बुडलेला हवा. वर राहिलेला कापूस वाळतो आणि त्यावरचे जंतू मरतात.

४. विषमज्वराचा संशय असेल तर पहिल्या आठवड्यात रक्ताचे कल्चर हाच मुख्य नमुना. मोठ्या माणसाचे ८ ते १० मिलि रक्त घ्या. विडाल या रक्तातली प्रतिद्रव्ये पाहणाऱ्या चाचणीवरून स्ट्रेनबद्दल काहीही सांगता येत नाही.

## टप्पा २: प्लेटिंग आणि वाढवणे

१. नमुना थेट मॅकॉन्की आणि एक्सएलडीवर चार भागांत स्ट्रीक करा. प्रत्येक भागानंतर लूप जाळा किंवा बदला. सुट्या कॉलनी मिळणे हे इथले एकमेव उद्दिष्ट आहे.

२. त्याच वेळी १ ग्रॅम विष्ठा १० मिलि सेलेनाइटमध्ये घाला. ३७ अंशांवर १२ ते १८ तासांनी वरच्या भागातला एक लूप एक्सएलडीवर टाका. यापेक्षा जास्त ठेवल्यास दबलेले कोलिफॉर्म (आतड्यातले इतर जंतू) पुन्हा डोके वर काढतात.

३. अन्नाच्या नमुन्यांसाठी रॅपापोर्ट-व्हॅसिलियाडिस ब्रॉथ चांगला: १० मिलिला ०.१ मिलि, ४१.५ अंशांवर. पण टायफीच्या शोधात त्यावर भिस्त ठेवू नका, त्यात टायफी नीट वाढत नाही.

४. एक्सएलडी १८ ते २४ तासांनी वाचा. साल्मोनेला लाल, काळ्या केंद्राची. प्रोटिअस आणि सिट्रोबॅक्टरही काळे केंद्र दाखवतात, पण भोवती पिवळेपणा असतो. टायफीचे केंद्र बारीक किंवा नसलेलेच. पॅराटायफी ए हा सिरोव्हार बहुधा काळे केंद्र दाखवत नाही, म्हणून ती शिगेला हा वेगळाच जंतू समजून बाजूला पडते.

इशारा: ‘काळे नाही म्हणजे साल्मोनेला नाही’ या समजुतीपायी पॅराटायफी ए सर्वांत जास्त सुटते. आपल्याकडे आंत्रज्वराचे (विषमज्वर आणि त्याच्यासारखे ताप) ते नेहमीचे कारण आहे. काळे केंद्र नसलेली लाल कॉलनीही पुढे न्या.

## टप्पा ३: शुद्धीकरण

हा टप्पा वेळ वाचवण्यासाठी गाळला जातो आणि पुढचे सगळे घोटाळे इथेच जन्म घेतात.

निवडक माध्यमावर सुटी दिसणारी कॉलनी शुद्ध असेलच असे नाही. एक्सएलडी इतर जंतूंना मारत नाही, फक्त दाबून ठेवते. कॉलनीच्या खाली आणि कडेला ते न वाढता जिवंत पडून असतात. ती कॉलनी थेट टीएसआयमध्ये टोचली की दाब नाहीसा होतो आणि दोन्ही जंतू वाढतात. मग टीएसआय एका जंतूचे उत्तर देते, युरिया दुसऱ्याचे. असा संच कोणत्याही तक्त्यात बसणार नाही, हे उघड आहे.

१. संशयित कॉलनीच्या फक्त मध्याला टोक लावा. प्लेटच्या अगारला स्पर्श नको.

२. न्यूट्रिअंट अगार किंवा मॅकॉन्कीवर पुन्हा सुट्या कॉलनी मिळवा.

३. एका नमुन्यातून किमान दोन-तीन कॉलनी वेगवेगळ्या क्रमांकाने पुढे न्या. एकाच रुग्णात किंवा एकाच अन्ननमुन्यात दोन सिरोव्हार असू शकतात.

तपासा: फेरप्लेटवर सगळ्या कॉलनी एकाच रूपाच्या आहेत का? दोन रूपे दिसली तर दोन्ही वेगळी करा. ‘त्यातली मोठी घेऊ’ असे करू नका.

## टप्पा ४: जैवरासायनिक ओळख

१. आधी ऑक्सिडेज चाचणी (निळा रंग म्हणजे पॉझिटिव्ह), न्यूट्रिअंट अगारवरच्या वाढीतून, प्लास्टिकच्या किंवा प्लॅटिनमच्या लूपने, १० सेकंदांत वाचायचे. नायक्रोम लूपने खोटा निळा रंग येतो. आम्ल झालेल्या मॅकॉन्कीवरून केल्यास उत्तर भरवशाचे नसते. साल्मोनेला ऑक्सिडेज निगेटिव्ह.

२. टीएसआय: सरळ सुईने बट (नळीतला खालचा भाग) एकदाच तळापर्यंत टोचा, मग त्याच सुईने स्लँटवर रेघ ओढा. झाकण सैल ठेवा. घट्ट झाकणाने हवा कोंडते, स्लँट पिवळाच राहतो आणि साल्मोनेला लॅक्टोज आंबवणारी वाटते. १८ तासांच्या आत वाचल्यासही तीच फसगत. २४ तासांच्या पुढे ठेवल्यास बटसुद्धा लाल व्हायला लागते.

३. नेहमीची साल्मोनेला: स्लँट लाल, बट पिवळी, वायू, भरपूर काळे. टायफी: वायू नाही, टोचलेल्या जागी थोडेसेच काळे. पॅराटायफी ए: वायू आहे, काळे नाही किंवा अगदी फिके.

४. एलआयए: साल्मोनेलाची बट जांभळीच राहते. पॅराटायफी ए लायसिन निगेटिव्ह असल्याने तिची बट पिवळी होते. हा अपवाद ठाऊक नसला की तिला सिट्रोबॅक्टर म्हणून फेकले जाते.

५. युरिएज निगेटिव्ह, इंडोल निगेटिव्ह. सिट्रेट पॉझिटिव्ह, पण टायफी आणि पॅराटायफी ए निगेटिव्ह. ओएनपीजी (लॅक्टोज फोडणाऱ्या एन्झाइमची चाचणी) उपप्रजाती १ मध्ये निगेटिव्ह.

६. सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडीचा संशय असेल तर पीवायआर लावा. काही मिनिटांत होणारी ही चाचणी सिट्रोबॅक्टरमध्ये पॉझिटिव्ह, साल्मोनेलात निगेटिव्ह.

माल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वजनांवरून जंतू ओळखणारे यंत्र) असेल तर साल्मोनेला आहे एवढे तो चांगले सांगतो. सिरोव्हारसाठी त्यावर विसंबू नका.

## टप्पा ५: उपप्रजाती

नेहमीच्या कामात हा टप्पा लागत नाही. पण ‘नवा’ म्हणायचे असेल तर टाळता येत नाही, कारण एकच अँटिजेन सूत्र दोन उपप्रजातींत असू शकते.

उपप्रजाती १: डल्सिटॉल पॉझिटिव्ह, मॅलोनेट, सॅलिसिन, केसीएन (पोटॅशियम सायनाइडमधली वाढ) आणि ओएनपीजी निगेटिव्ह. मॅलोनेट पॉझिटिव्ह आला तर २ किंवा ३ कडे पाहा. त्यातही ओएनपीजी पॉझिटिव्ह असेल तर ३अ किंवा ३ब. केसीएन आणि सॅलिसिन दोन्ही पॉझिटिव्ह असेल तर ४. पाल, साप, कासव यांच्याशी संबंध असलेल्या रुग्णात १ सोडून दुसरी उपप्रजाती मिळण्याची शक्यता वाढते, म्हणून रुग्णाची माहिती घेताना घरातल्या पाळीव प्राण्यांबद्दल विचारा. ३ब लॅक्टोज आंबवू शकते आणि मॅकॉन्कीवर गुलाबी दिसून टाकून दिली जाते.

## टप्पा ६: सिरोटायपिंग

सिरोटायपिंग म्हणजे अँटिसेराने ओ आणि एच अँटिजेन शोधून सिरोव्हार ठरवणे. इथे वेळ द्या. ‘अनोळखी’ ठरलेली बहुतेक कल्चर याच टप्प्यावर नीट वाचली की ओळखीची निघतात.

६अ. सलाइन कंट्रोल. न्यूट्रिअंट अगारवरची १८ ते २४ तासांची वाढ घ्या, निवडक माध्यमावरची नाही. स्लाइडवर सलाइनच्या थेंबात थोडी वाढ दुधाळ होईपर्यंत मिसळा, एक मिनिट हलवा. सलाइनमध्येच गुठळ्या धरल्या तर कल्चर रफ आहे. त्याचे सिरोटायपिंग करू नका, येणारे प्रत्येक पॉझिटिव्ह खोटे असेल. गुळगुळीत, गोल, चमकदार कॉलनी निवडून पुन्हा वाढवा. तरीही रफच राहिले तर तसे नोंदवा आणि जीनोमकडे वळा.

६ब. ओ अँटिजेन. आधी पॉलिव्हॅलंट ओ, मग सुटे. सुटे लावताना आपल्या भागात जास्त मिळणाऱ्या गटांपासून सुरुवात करा: ओ ९, ओ ४, ओ २, मग ओ ७, ओ ८, ओ ३,१० आणि पुढे ओ १३. ओच्या गुठळ्या बारीक, दाणेदार आणि लवकर येतात. एक मिनिटाने उमटलेली पुसट गुठळी पॉझिटिव्ह धरू नका, थेंब वाळायला लागला की काहीही दिसते.

६क. व्हीआयचा पडदा. जैवरासायनिक चाचण्या टायफीसारख्या, पण ओ ९ निगेटिव्ह. अशा वेळी व्हीआय अँटिसेरा लावा. पॉझिटिव्ह आला तर सलाइनमधले दाट मिश्रण उकळत्या पाण्यात १५ ते ३० मिनिटे ठेवा, थंड करा, पुन्हा ओ ९ लावा. आवरण उतरले की ओ ९ स्वच्छ दिसतो. उलट बाजूही लक्षात ठेवा: व्हीआय एकट्या टायफीची मक्तेदारी नाही. पॅराटायफी सी, डब्लिनचे काही स्ट्रेन आणि सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडी यांतही तो असतो. आणि टायफी वारंवार सबकल्चर केली की व्हीआय गमावते, म्हणून टायपिंग नेहमी सुरुवातीच्या कल्चरवर करा.

६ड. एच अँटिजेन, पहिली फेज. एचसाठी जंतू हालचाल करणारे हवेत. सेमीसॉलिडमधून एक-दोनदा पळवून कडेची वाढ घ्या. एचच्या गुठळ्या सैल, कापसाच्या पुंजक्यांसारख्या असतात. जोरात हलवल्यास त्या फुटतात. नळीत करायचे तर ब्रॉथ कल्चर ०.५ टक्के फॉर्मॅलिनने मारा, अँटिसेरा घाला, ५० अंशांच्या पाण्यात एक तास ठेवा.

६इ. दुसरी फेज. बहुतेक सिरोव्हारांत एचच्या दोन फेज असतात आणि एका वेळी जंतू एकच दाखवतो. पहिली मिळाल्यावर थांबणे ही सर्वांत महागात पडणारी चूक.

पुणे शहराचे नाव लागलेला साल्मोनेला पूना हा सिरोव्हार घ्या. त्याचे सूत्र (ओ : एचची पहिली फेज : दुसरी फेज) १,१३,२२ : झेड : १,६. २०१५ साली अमेरिकेत मेक्सिकोहून आलेल्या काकड्यांतून त्याची मोठी साथ झाली, ९०७ रुग्ण नोंदले गेले. समजा तुमच्या प्लेटवर तो आला. पॉलि-ओ पॉझिटिव्ह, ओ १३ आणि २२ पॉझिटिव्ह, एचमध्ये झेड पॉझिटिव्ह, बाकी सगळे निगेटिव्ह. वहीत ‘१३,२२ : झेड : नाही’ असे उतरले की पुढचा माणूस एकफेजी नवा सिरोव्हार समजतो. प्रत्यक्षात करायचे ते असे:

१. सेमीसॉलिड अगार वितळवून ४५ ते ५० अंशांवर आणा. याहून गरम असताना अँटिसेरा घातला तर त्यातली प्रतिद्रव्ये नष्ट होतात.

२. किटच्या पत्रकातल्या प्रमाणात झेड अँटिसेरा मिसळा. फेज उलटवण्यासाठी जो वेगळा अँटिसेरा मिळतो तो वापरा.

३. हे मिश्रण क्रेगी नळीत ओता. आतली बारीक नळी दोन्ही टोकांना उघडी आणि वरचे टोक माध्यमाच्या वर राहील अशी हवी. माध्यम आतल्या नळीच्या तोंडावरून वाहिले तर सगळा प्रयोग फुकट.

४. जंतू फक्त आतल्या नळीत, वरच्या वर टोचा. ३७ अंशांवर ठेवा.

५. झेड दाखवणारे जंतू अँटिसेरामुळे जागीच अडकतात. दुसरी फेज दाखवणारे मोजके जंतू खाली उतरून बाहेरच्या माध्यमात वर येतात. २४ ते ४८ तासांनी बाहेरच्या पृष्ठभागावरची वाढ उचला.

६. तिला आधी ‘१’ गटाचा मिश्र अँटिसेरा लावा, मग २, ५, ६, ७ हे सुटे. ६ पॉझिटिव्ह आला की सूत्र पूर्ण झाले.

तपासा: बाहेर आलेल्या वाढीला झेड अँटिसेराही लावा. तो अजून पॉझिटिव्ह असेल तर अँटिसेरा कमी पडला आहे. प्रमाण वाढवून पुन्हा करा.

दोन-तीन प्रयत्नांत दुसरी फेज आली नाही तरच एकफेजीपणाचा विचार करा आणि पीसीआरने दुसऱ्या फेजचे एफएलजेबी हे जनुक आहे की नाही पाहा. टायफीमुरियमचा ४,१२ : आय : नाही हा प्रकार खरोखर एकफेजी आहे आणि जगभर पसरलेला आहे. पण एन्टेरिटिडिस (१,९,१२ : जी,एम) आणि टायफी (९,१२,व्हीआय : डी) यांना मुळातच एक फेज असते, त्यांच्या मागे क्रेगी नळ्या घालवू नका. टायफीतही खरे वेगळे प्रकार आहेत: इंडोनेशियात एच जे आणि झेड६६ असलेल्या टायफी मिळतात.

६फ. तक्ता वाचताना. सूत्रात अधोरेखित असलेला घटक फाजमुळे (जंतूत शिरणाऱ्या विषाणूमुळे) येतो-जातो. अनेक सिरोव्हारांतला ओ १ तसाच. चौकोनी कंसातला घटक असेल किंवा नसेल. म्हणून ‘पूनासारखे, पण १ नाही’ हा नवा सिरोव्हार नव्हे. पॅराटायफी बी आणि तिचा जावा प्रकार यांचे सूत्र एकच, फरक डी-टार्टरेट आंबवण्यात: जावा पॉझिटिव्ह. पॅराटायफी बी रक्तात शिरून आंत्रज्वर देते, जावा बहुधा जुलाबावर थांबते. ही चाचणी राहून गेली तर रुग्णाच्या उपचारात फरक पडतो.

## टप्पा ७: औषधसंवेदनशीलता

सिरोटायपिंगची वाट न पाहता शुद्ध कल्चर मिळताच ही लावा, डॉक्टरला हिचे उत्तर आधी हवे असते.

म्युलर-हिंटन अगार ४ मिमी जाड, जंतूंचे मिश्रण ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाचे, १५ मिनिटांत प्लेटवर, १० सेंमीच्या प्लेटवर ५ हून जास्त डिस्क नकोत, ३५ अंश, १६ ते १८ तास.

सीएलएसआय या मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेनुसार सिप्रोफ्लॉक्सॅसिन डिस्कभोवतीच्या वर्तुळाची साल्मोनेलासाठीची मर्यादा इतर एंटेरोबॅक्टेरेल्सपेक्षा (ई. कोलायसारख्या जंतूंपेक्षा) वेगळी आहे: ३१ मिमी आणि वर संवेदनशील, २० आणि खाली प्रतिरोधक. जुन्या तक्त्यावरून २१ मिमीला ‘संवेदनशील’ लिहिणे धोक्याचे आहे. शंका असेल तर ५ मायक्रोग्रॅमची पेफ्लॉक्सॅसिन डिस्क लावा: २४ मिमी आणि वर संवेदनशील. टायफीसाठी अ‍ॅझिथ्रोमायसिनची मर्यादा: १३ मिमी आणि वर संवेदनशील.

इशारा: पहिल्या-दुसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन आणि जेंटामायसिनसारखी औषधे प्लेटवर कितीही मोठे वर्तुळ दाखवोत, साल्मोनेलासाठी ‘संवेदनशील’ असे कळवू नका. रुग्णाच्या शरीरात ती काम करत नाहीत.

## टप्पा ८: जीनोम

१. पुन्हा एका सुट्या कॉलनीपासून सुरुवात. डीएनएचे २६०/२८० गुणोत्तर १.८ ते २.० च्या दरम्यान हवे. प्रमाण क्युबिटने मोजा, नॅनोड्रॉप आरएनएमुळे आकडा फुगवतो.

२. किती डेटा मागायचा? जीनोम सुमारे ४८ लाख बेस. ५० पट खोलीसाठी (प्रत्येक बेस सरासरी ५० वेळा वाचण्यासाठी) २४ कोटी बेस लागतात, म्हणजे १५० बेसच्या जोड्यांनी सुमारे ८ लाख जोड्या. हा हिशेब सिक्वेन्सिंग केंद्राला लिहून द्या.

३. वाचलेल्या तुकड्यांची (रीडची) जुळणी झाल्यावर आधी आकार पाहा. ४५ ते ५० लाखांच्या आसपास आणि जीसी (जी आणि सी बेसचे प्रमाण) सुमारे ५२ टक्के असेल तर पुढे चला. ९० लाख आला तर दोन जंतू आहेत, टप्पा ३ कडे परत.

४. सेकसीरो२ किंवा सिस्टर या प्रोग्रॅमने सिरोव्हार काढा आणि स्लाइडवरच्या उत्तराशी ताडून पाहा. प्रोग्रॅम जनुक आहे की नाही ते सांगतो, ते व्यक्त होते का ते सांगत नाही. रफ कल्चरचे ओ जनुक जवळपास शाबूत असू शकते. दोन उत्तरे जुळली नाहीत तर एकाला खोटे ठरवू नका, दोन्ही नोंदवा.

५. सात जनुकांवरून सिक्वेन्स टाइप ठरवणारी एमएलएसटी: एआरओसी, डीएनएएन, एचईएमडी, एचआयएसडी, पीयूआरई, एसयूसीए, टीएचआरए. नवा अ‍ॅलील दिसला की त्या बेसवर किती रीड आहेत ते पाहा. तो कॉन्टिगच्या (जुळलेल्या तुकड्याच्या) टोकाला असेल किंवा रीड मोजकेच असतील तर सिक्वेन्सिंगची चूक धरा आणि पुन्हा करा. पक्का असेल तर एंटेरोबेस या जीनोमच्या संग्रहात जमा करून क्रमांक घ्या.

६. साथीचा प्रश्न असेल तर एंटेरोबेसची ३००२ जनुकांची सीजीएमएलएसटी (एमएलएसटीच, पण गाभ्यातल्या जनुकांची) किंवा एसएनपी (एकेका बेसचे फरक). एसएनपीसाठी संदर्भ जीनोम त्याच वंशाचा निवडा आणि फाजचे भाग वगळा, नाहीतर एकाच साथीतले स्ट्रेन खोटे दूर दिसतात. टायफीसाठी जेनोटायफीची पद्धत वापरा, त्यात एच५८ ला ४.३.१ म्हणतात.

एसएनपीच्या आकड्याला कायद्याचे कलम समजू नका. ‘५ पेक्षा कमी म्हणजे एकच साथ’ हा अंदाज आहे. रुग्ण कुठे जेवले, कधी आजारी पडले, हे सोबत असल्याशिवाय त्या आकड्यावरून कोणाकडे बोट दाखवू नये. सिरोव्हारचे नाव एक म्हणजे वंश एक, असेही नाही: न्यूपोर्ट आणि केंटकी यांत एकाच नावाखाली दूरदूरचे वंश आहेत.

## टप्पा ९: ‘नवा’ लिहिण्याआधीची चाळण

खालच्या प्रत्येक प्रश्नाला वहीतल्या तारखेसह उत्तर देता आले पाहिजे.

१. निवडक नसलेल्या माध्यमावर दोनदा शुद्ध केले का?

२. सलाइन कंट्रोल निगेटिव्ह होता का?

३. ओ निगेटिव्ह असताना उकळून पुन्हा पाहिले का?

४. दुसऱ्या फेजसाठी क्रेगी, आणि नाहीच आली तर पीसीआर झाला का?

५. अँटिसेराच्या त्याच बाटलीने त्या दिवशी ओळखीचा स्ट्रेन बरोबर वाचला का?

६. उपप्रजाती ठरवली का?

७. गोठवलेल्या मूळ कल्चरमधून सगळे पुन्हा केल्यावर तेच आले का?

सातवा प्रश्न सहसा गाळला जातो. मूळ कल्चरकडे परत गेल्यावर वेगळे उत्तर मिळाले तर बहुधा मध्येच नळ्यांची अदलाबदल झालेली असते.

## टप्पा १०: जपणूक, पाठवणी, अहवाल

पहिल्या शुद्ध प्लेटवरूनच १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये दोन नळ्या उणे ७० अंशांवर ठेवा. एक कामाची, एक राखीव.

सिरोटायपिंगच्या खात्रीसाठी कल्चर कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय साल्मोनेला केंद्राकडे जाते. न्यूट्रिअंट अगारच्या स्टॅबमध्ये, झाकण सीलबंद, तिहेरी वेष्टनात, यूएन ३३७३ चे (जैविक पदार्थ, वर्ग बी) लेबल लावून पाठवा. प्लेट पाठवू नका, ती वाटेत घामेजते आणि मिसळते. सोबत नमुन्याचा प्रकार, तारीख, वय, गाव, आजार, केलेल्या सगळ्या चाचण्या आणि निगेटिव्ह उत्तरेही लिहा. नव्या सिरोव्हारला मान्यता पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगी केंद्राकडून मिळते. उपप्रजाती १ मधल्यालाच नाव मिळते, बाकी उपप्रजातींतले सिरोव्हार सूत्रानेच ओळखले जातात.

डॉक्टरला पहिला अहवाल टप्पा ४ पूर्ण होताच द्या: ‘साल्मोनेला, टायपिंग चालू’. संवेदनशीलतेचे उत्तर दुसऱ्या दिवशी. आयएचआयपी या सरकारी रोगसर्वेक्षणाच्या पोर्टलवर प्रयोगशाळेचा एल फॉर्म भरताना संशयित आणि खात्री झालेले रुग्ण वेगळे ठेवा. एकाच आठवड्यात, एकाच तालुक्यातून एकच अनोळखी सूत्र दोनदा आले तर टायपिंग पूर्ण होण्याची वाट पाहू नका. जिल्हा सर्वेक्षण कक्षाला त्याच दिवशी फोन करा, आणि रुग्णांच्या घरातले पाणी व उरलेले अन्न टाकून देण्याआधी नमुने मागवा.